रामनामाचा सूर आणि काळी तबकडी
पं. दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचे पुण्यस्मरण

आज विजयादशमी. सीमोल्लंघनाचा, शस्त्रपूजनाचा आणि सरस्वतीपूजनाचा हा मंगल दिवस. ज्याचे जे उपजीविकेचे वा उपासनेचे साधन असेल ते त्याने आज स्वच्छ करावे, त्यास गंधफूल वाहावे आणि क्षणभर त्याच्यापुढे नम्र व्हावे, अशी आपली परंपरा आहे. शेतकरी आपली अवजारे पुजतो, कारागीर हत्यारे मांडतो, विद्यार्थी पाटीवर सरस्वती काढतो आणि गवई तंबोऱ्यास हार घालतो. ज्या घरी ग्रामोफोन असे, त्या घरी झेंडूचे एखादे फूल त्याच्याही वाट्याला येई. सरस्वतीच्या मंदिरातील तोही एक सेवकच होता.

या सेवकाने ज्यांचा स्वर आपल्या घराघरांत आणून पोहोचविला, त्यांतील एका थोर गायकाचे स्मरण आजच्या दिवशी करणे आम्हांस उचित वाटते. पंडित दत्तात्रेय विष्णु पलुसकर, संगीतप्रेमी मंडळींचे बापूराव, यांनी १९५५ सालच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्याच दिवसांत, या जगाचा निरोप घेतला. वय होते अवघे चौतीस. इतक्या अल्प आयुष्यात त्यांनी जे गायिले, त्यातील फार थोडे लाखेच्या काळ्या तबकड्यांवर कोरले गेले. जे कोरले गेले ते मात्र आजही आमच्या देवघरांत निनादते आहे. पूर्वी ते फिरत्या तबकडीतून येई, आज ते मोबाइलमधून प्रवाहरूपाने येते. या दोहोंतील कोणती रीत चांगली, असा वाद हल्ली सुशिक्षित घरांतून ऐकू येतो. आमच्या मते त्या वादाचे उत्तर यंत्रांच्या गुणदोषांपेक्षा बापूरावांच्या चरित्रातच अधिक स्पष्टपणे सापडते.

पित्याचा वारसा

बापूरावांचा जन्म २८ मे १९२१ चा. पिता गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. मूळ आडनाव गाडगीळ. परंतु सांगलीजवळच्या पलुस गावावरून घराण्यास पलुसकर हे नाव पडले. विष्णु दिगंबरांचे चरित्र महाराष्ट्रास अपरिचित नाही. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा हा पुत्र. बालपणी फटाक्याच्या स्फोटाने दृष्टी अधू झाली आणि विद्याभ्यासाची वाट खुंटली, तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या चरणी बसून त्यांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली. १९०१ साली लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. राजदरबारी आणि मोजक्या रसिकांच्या बैठकीत अडकलेली विद्या सामान्य गृहस्थाच्या मुलाबाळांना मिळावी, सभ्य कुटुंबातील स्त्रीपुरुषांनी ती निःसंकोचपणे शिकावी, हे त्यांचे जीवितकार्य होते. संगीतास लोकमान्यता मिळवून देण्यासाठी त्यांनी भक्तीचा हात धरिला. ख्यालगायनाच्या व्यासपीठावर त्यांनी भजनास मानाचे स्थान दिले आणि संतांची पदे रागदारीत बांधून गायिली.

पुढे मुंबईतील विद्यालयाची वास्तू कर्जापायी हातची गेली. एवढा मोठा आघात झाला, परंतु या पुरुषाने मन कडू होऊ दिले नाही. भगवी वस्त्रे परिधान करून त्यांनी नाशिकला रामनाम आधाराश्रम उभारिला आणि रामधून व रामायणाचे प्रवचन हेच आपले कार्य मानले. महात्माजींच्या सभांतून आणि दांडीच्या वाटेवर १९३० साली जी रामधून देशभर दुमदुमली, तिला विष्णु दिगंबरांच्या स्वररचनेनेच रूप आले होते. बापूरावांच्या बालपणाचा काळ हाच होता. ज्या वयात इतर मुले बडबडगीते ऐकतात, त्या वयात या मुलाच्या कानांवर अहोरात्र रामनाम पडत होते. पुढे त्यांच्या भजनांत जो सहजभाव दिसला, त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते. रामाचे नाव त्यांना व्यासपीठावर चढून आठवावे लागत नव्हते.

विष्णु दिगंबरांची बहुतेक अपत्ये बालवयातच गेली होती. उरलेल्या या पुत्रास ते फार काळ शिकवू शकले नाहीत. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा बापूराव दहा वर्षांचे होते.

शिष्यांनी फेडलेले गुरुऋण

पित्याचे छत्र हरपले. पण पित्याने आयुष्यभर जी विद्या वाटली होती, ती आता पुत्राकडे परत आली. आपल्या संस्कृतीतील गुरुऋण म्हणजे काय, याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस दिसत नाही. प्रथम घराण्यातीलच चिंतामणराव पलुसकर यांनी त्यांस शिकविले. त्यानंतर विष्णु दिगंबरांचे पट्टशिष्य पंडित विनायकराव पटवर्धन यांनी या मुलाची जबाबदारी घेतली. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. तेथील शिस्त कडक होती आणि पाठांतर पक्के होते. दुसरे गुरुबंधू पंडित नारायणराव व्यास यांचेही मार्गदर्शन बापूरावांस लाभले, आणि विष्णु दिगंबरांचे गुरुबंधू मिराशीबुवा यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली.

यांपैकी नारायणराव व्यास हे ध्वनिमुद्रिकांच्या दुनियेतील अत्यंत लोकप्रिय गायक होते. तीन मिनिटांत राग कसा उभा करावा, याचा वस्तुपाठ त्यांच्या तबकड्यांनी महाराष्ट्रास दिला होता. बापूरावांना हा वस्तुपाठ गुरुगृहीच मिळाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९३५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात बापूरावांचे पहिले मोठे गायन झाले. पंजाब ही पित्याची कर्मभूमी. तेथील जाणत्या श्रोत्यांपुढे महाराष्ट्रातून आलेला हा कोवळा मुलगा उभा राहिला आणि आपल्या गोड, निकोप आवाजाने त्याने सभा जिंकली. तेथून पुढे वीस वर्षे त्यांचे गायन अखंड चालू राहिले. संमेलने, आकाशवाणी, खाजगी बैठका, सर्वत्र त्यांस मागणी होती. गायकी ग्वाल्हेरचीच, पण इतर घराण्यांत जे सुंदर दिसेल ते घेण्यास त्यांचे मन मोकळे होते. मांडणी रेखीव, उच्चार स्वच्छ आणि लांबण कोठेही नाही. राग पूर्ण झाला की ते थांबत. श्रोत्यास आणखी हवे असताना थांबणे हा संयम फार थोड्या गवयांना साधतो.

लाखेवर कोरलेला स्वर

१९४४ साली बापूरावांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ही वस्तू कशी तयार होत असे, हे आजच्या तरुण वाचकांस ठाऊक असण्याचा संभव कमी. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली कलकत्त्यास. गौहर जान यांचा आवाज तेव्हा मुद्रित झाला. त्या काळी मूळ मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तबकड्या छापून आणाव्या लागत. तेथील कारागिरांस गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव स्वतःच उच्चारून सांगे. पुढे कलकत्त्यासच छपाई होऊ लागली आणि १९२८ साली डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि कर्ण्यात तोंड घालून ओरडून गाण्याची आपत्ती टळली. बापूरावांसारखा मृदू आवाज तबकडीवर जसाच्या तसा उतरला, तो या मायक्रोफोनमुळेच.

या तबकड्यांचा मुख्य घटक म्हणजे लाख. आपल्या छोटा नागपूरच्या रानात पळस आणि कुसुम या वृक्षांवर लाखेचे किडे राहतात. त्यांच्या स्रावापासून ही लाख होते. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, तापवून, दाबून तबकडी छापीत. ती मिनिटास ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. पोलादी सुई एका बाजूनंतर झिजे, म्हणून ती बदलावी लागे. हातातून निसटली की तबकडीचे तुकडे होत.

गायकाच्या दृष्टीने ही परीक्षाच होती. एरवी तासभर विस्तारला जाणारा राग तीन मिनिटांत मांडावयाचा. स्वर चुकला, ताल हुकला किंवा खोकला आला, तर ती मुद्रणाची तबकडी वाया गेली. पुन्हा पहिल्यापासून गावे लागे. मागे जाऊन एखादा स्वर पुसणे आणि दुसरा बसविणे ही सोय तेव्हा नव्हती. बापूरावांच्या गौडसारंग, तिलककामोद, श्री या रागांच्या मुद्रिका ऐकाव्यात. पहिल्याच आलापात रागाचे मुख दिसते, बंदिशीचे शब्द कळतात, ताना मोजक्या पण मोत्यांसारख्या येतात आणि वेळ संपत आली याची घाई कोठेही जाणवत नाही. पूजेत जसे प्रत्येक उपचारास स्थान असते आणि कोणताही उपचार दुसऱ्याची जागा खात नाही, तशी ही रचना आहे.

देवघरातील भजने

ख्यालाच्या मुद्रिकांनी जाणकार तृप्त झाले. परंतु बापूरावांचे नाव ज्यांनी घरोघरी नेले ती त्यांची भजने होत. तुलसीदासांचे बालरामाच्या दुडदुडत्या पावलांचे पद, मीराबाईंचे रामनामाच्या अमोल धनाचे पद, मनास गंगायमुनेच्या तीरी चल म्हणून विनविणारे पद: ही नुसती सांगितली तरी वाचकांच्या कानांत त्या चाली घुमू लागतील. बालरामाच्या पदात बापूराव तालाशी जी नाजूक लगट करतात, तिच्यातून पायांतल्या घागऱ्या आणि कौसल्यामातेचे कौतुक दोन्ही डोळ्यांसमोर येतात. स्वरांचे प्रदर्शन त्यात मुळीच नाही. पद संतांचे आहे आणि आपण केवळ ते पोहोचविणारे आहोत, या जाणिवेने ते गायिलेले आहे.

ही भजने घरात कशी ऐकली जात, हेही आठवण्यासारखे आहे. तबकडी कागदी वेष्टनातून दोन्ही हातांनी, कडांस धरून काढावयाची. मऊ कापडाने पुसावयाची. ग्रामोफोनला चावी द्यावयाची, नवी सुई बसवावयाची आणि हळूच ती कडेवर टेकवावयाची. मग तीन मिनिटे घरात कोणी बोलत नसे. आजोबा डोळे मिटून बसत, स्वयंपाकघरातून आई दारापर्यंत येई, मुले तबकडीच्या मधोमध फिरणाऱ्या चित्राकडे पाहत मांडी घालून बसत. गाणे संपले की कोणीतरी उठून सुई उचलावी लागे. दुसरी बाजू ऐकावयाची की नाही, हे ठरवावे लागे. घरात तबकड्या दहा-वीसच असत; त्यामुळे तेच पद शंभर वेळा ऐकले जाई आणि शंभराव्या वेळी त्यातील एखादी हरकत नव्याने कळे. जपात जे घडते तेच येथे घडत असे.

ग्रामोफोन ही महागाची वस्तू होती, हे मात्र विसरता कामा नये. ज्यांच्या घरी तो नव्हता ती मंडळी शेजाऱ्याच्या ओटीवर बसून ऐकत किंवा आकाशवाणीची वाट पाहत. खेड्यापाड्यांत तर जत्रेत किंवा एखाद्या दुकानाच्या पायरीवर जे कानी पडेल तेवढेच. जुन्या काळाचे गुणगान करताना ही उणीव झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बैजू बावरा आणि अखेरचा प्रवास

१९५२ साली विजय भट्ट यांचा ‘बैजू बावरा’ हा चित्रपट आला. संगीत नौशाद यांचे. त्यातील तानसेन आणि बैजू यांच्या सामन्यासाठी तानसेनाचा स्वर उस्ताद अमीर खाँ यांनी दिला आणि बैजूचा बापूरावांनी. देसी रागातील ती जुगलबंदी देशभर गाजली. ज्यांनी कधी संगीत संमेलनाचे तोंड पाहिले नव्हते, त्यांच्यापर्यंत रागसंगीत पोहोचले. सर्वसामान्यांस उत्तम संगीत मिळावे, हे पित्याचे व्रत पुत्राने अशा रीतीने चित्रपटाच्या पडद्यावरूनही पाळले. विशेष असे, की चित्रपटाच्या यशानंतरही ते त्या मोहमयी दुनियेत रमले नाहीत. त्यांचा मार्ग ख्यालाचा आणि भजनाचाच राहिला.

१९५५ साली भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून त्यांनी चीनचा प्रवास केला. तेथून परतल्यावर थोड्याच काळात त्यांस मेंदूच्या दाहाचा आजार जडला आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. एकीकडे सरस्वतीचे पूजन चालू असता तिचा एक लाडका पुत्र तिने आपल्याजवळ बोलावून घेतला, असेच भाविकांस वाटले असेल. वडिलांचे मागे उरलेले हे एकच निरांजन, तेही चौतिसाव्या वर्षी मालवले.

येथे आम्हांस आणखी एका थोर गायकाची आठवण होते. भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. बालगंधर्वांचे ते गुरू, तीन घराण्यांच्या गायकीचे ते स्वामी. त्यांच्या गायनाची वर्णने पुष्कळ आहेत, परंतु त्यांचा स्वर आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. बापूरावांचा मिळतो. दोघांमध्ये फरक आहे तो त्या लाखेच्या तबकडीचा. ज्या यंत्राने आम्हांस हा स्वर राखून दिला, त्याची आज पूजा केली तर त्यात वावगे काय?

तबकडीपासून प्रवाहापर्यंत

बापूरावांच्या पश्चात यंत्रयुग फार पुढे गेले. १९४८ साली अमेरिकेत दीर्घवादन तबकडी निघाली होती. ती व्हिनाइल या प्लास्टिकसारख्या पदार्थाची, मिनिटास सव्वातेहतीसच्या आसपास फेरे घेणारी, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे सामावणारी. बापूरावांचे आकाशवाणीवरील व अन्य ठिकाणचे गायन त्यांच्या मृत्यूनंतर अशा तबकड्यांतून बाहेर आले आणि त्यांचा सविस्तर ख्याल नव्या पिढीने ऐकला. मग कॅसेट आली. १९८२ साली चकाकती सीडी आली. त्यानंतर संगणक, आणि आता इंटरनेटवरून थेट वाहत येणारा स्वर, ज्याला स्ट्रीमिंग म्हणतात. त्यात वस्तू हाती येत नाही. दूरच्या यंत्रात साठविलेले गाणे मागावे, ते ऐकता ऐकता वाहून जाते.

पुष्कळांचे म्हणणे असे, की तबकडीचा आवाज ऊबदार आणि खरा, प्रवाहाचा आवाज कोरडा. या म्हणण्यात तथ्य किती? तबकडीच्या खोबणीत ध्वनीची लहर अखंड कोरलेली असते. सीडीमध्ये त्या लहरीची दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजणी करून ती आकड्यांत साठवितात. माणसाच्या कानास ऐकू येणारा सगळा पल्ला त्यात येतो. प्रवाहाच्या सेवांतून मात्र बऱ्याचदा हे आकडे आवळले जातात. सीडीवरील सेकंदास सुमारे १,४११ किलोबिट इतकी माहिती ३२० किंवा त्याहूनही कमी किलोबिटांत बसवितात आणि कानास सहसा न जाणवणारा भाग गाळतात. काही सेवा आता काहीही न गाळता गाणे देतात. उलट जुन्या तबकडीवर खरखर असते, प्रत्येक वादनाने खोबणी झिजते आणि फार उंच व फार खालचे स्वर मुळातच अपुरे उतरलेले असतात. तेव्हा केवळ आवाजाच्या शुद्धतेवर तबकडीस श्रेष्ठ ठरविणे न्यायाचे होणार नाही.

प्रवाहाचे उपकारही मोठे आहेत. शेजाऱ्याच्या ओटीवर बसून ऐकण्याची पाळी आता कोणावर येत नाही. गडचिरोलीतील शिक्षक, सिंधुदुर्गातील शेतकरी आणि अमेरिकेत नोकरीस गेलेली मराठी सून हे तिघे एकाच पहाटे बापूरावांचे रामभजन ऐकू शकतात. संग्राहकांच्या कपाटांत बंद असलेल्या दुर्मिळ मुद्रिका आज लहान मुलासही मिळतात. विष्णु दिगंबरांनी ज्यासाठी कर्ज काढले, वास्तू गमावली, ते स्वप्न इतक्या सोप्या रीतीने साकार झालेले पाहून त्यांस समाधानच वाटले असते.

मग हानी कशात आहे? आमच्या मते ती तीन गोष्टींत आहे.

पहिली हानी नावाची. गौहर जान आपले नाव स्वतः सांगत. तबकडीच्या लेबलावर गायकाचे नाव आणि पुष्कळदा रागाचेही नाव छापलेले असे. प्रवाहात आलेल्या जुन्या गाण्यांवर कित्येकदा गायकाचे नाव चुकीचे असते, रागाचे नसतेच, साथीदारांचा तर पत्ताच नाही. ज्याने स्वर दिला त्याचे नाव घेणे हे ऋण आहे आणि ते फेडलेच पाहिजे.

दुसरी हानी स्वरूपाची. जुनी तबकडी आकड्यांत उतरविताना ती चुकीच्या वेगाने फिरली, तर षड्जच वर चढतो आणि आवाज पातळ होतो. खरखर काढण्याच्या नादात यंत्राकडून तंबोऱ्याची आसही पुसली जाते. ऐकणाऱ्यास वाटते, की बापूरावांचा आवाज असाच होता.

तिसरी आणि सर्वांत मोठी हानी अवधानाची. तबकडी श्रोत्याकडून काही मागत असे. उठणे, पुसणे, बसणे, गप्प राहणे आणि संपल्यावर पुन्हा उठणे हे सारे तीत होते. प्रवाह काहीच मागत नाही. एक पद संपण्याआधी दुसरे सुरू करता येते, मध्येच जाहिरात येते, भाजी चिरताना, प्रवासात, भांडतानाही गाणे चालूच राहते. ज्या पदासाठी बापूरावांनी तीन मिनिटे श्वास रोखून साधना केली, ते आम्ही अर्ध्या मिनिटात पुढे ढकलतो. देवापुढे नैवेद्य ठेवून पाठ फिरवावी, तसेच हे आहे. हा दोष मोबाइलचा म्हणता येत नाही. मोबाइलने मोकळीक दिली. तिचा उपयोग कसा करावा हे आपल्या हाती आहे.

आजच्या दिवशी एवढे करावे

आम्ही कोणास जुनी यंत्रे विकत घ्या असे सांगत नाही. परंतु ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या अजून पडून आहेत, त्यांनी आजच्या पूजनाच्या निमित्ताने त्या खाली काढाव्यात. कोरड्या, मऊ कापडाने हलक्या हाताने पुसाव्यात. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कदापि लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. ७८ फेऱ्यांची तबकडी दीर्घवादन तबकडीच्या बारीक सुईने वाजवू नये. तिची खोबण रुंद असते, तिला त्याच मापाची सुई लागते. जाणत्या माणसाकडून योग्य वेगाने त्यांचे आकड्यांत रूपांतर करून घ्यावे आणि त्यावर गायकाचे, रागाचे व साथीदारांचे नाव न विसरता लिहावे. तबकडी एक ना एक दिवस फुटेल. स्वर मात्र राहील.

आणि ज्यांच्या घरी तबकडी नाही, त्यांनी आज सायंकाळी सोने वाटून झाल्यावर, दिवा लावून, घरातील लहानथोरांनी एकत्र बसावे. मोबाइल हातातून खाली ठेवावा आणि त्यावर बापूरावांचे एकच भजन लावावे. आधी मुलांना त्यांचे नाव सांगावे, त्यांच्या वडिलांचे नाव सांगावे, पद कोणत्या संताचे आहे ते सांगावे. मग तीन मिनिटे कोणी बोलू नये. पद संपल्यावर लगेच दुसरे लावू नये.

पित्याने रामनामासाठी आयुष्य वेचले, पुत्राने ते तीन-तीन मिनिटांत साठवून आपल्या स्वाधीन केले. ते ऐकण्यास लागणारी तीन मिनिटे आपल्याजवळ नसतील, तर तबकडी काय आणि प्रवाह काय, दोन्ही सारखीच मुकी. ती तीन मिनिटे आजच्या शुभदिनी प्रत्येक घरास लाभोत, हीच श्रीरामचंद्राच्या आणि सरस्वतीमातेच्या चरणी आमची प्रार्थना.